डी७२०० बंद झाला, जागी डी७५०० आला: एका दस्तऐवजीकरण विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका संग्रहालयाचा दस्तऐवजीकरण विभाग. माणसं पाच, कॅमेरे चार, आणि चारही एकाच मॉडेलचे: निकॉन डी७२००. मी या विभागाचा छायाचित्रण सल्लागार होतो. खाली आलेल्या बहुतेक निर्णयांच्या वेळी मी समोर होतो, आणि त्यातला सर्वांत महाग पडलेला निर्णय माझ्या संमतीनं झाला. संस्था ओळखू येईल असे तपशील काढले आहेत, बाकी घडलं तसं लिहिलं आहे.

चारही कॅमेरे एकसारखे घेतले होते ते सोयीसाठी. बॅटऱ्या, चार्जर, कार्डं यांची अदलाबदल करता यायची, सेटिंग्ज सगळ्यांना पाठ होती आणि रंगांचं प्रोफाइल बनवायची पद्धत एकच होती. दोन कॅमेरे कॉपी स्टँडवर खाली तोंड करून कायमचे बसवलेले. त्यांच्याखाली जुन्या बांधीव हिशेबवह्या एकेक पान उलटत टिपल्या जायच्या. तिसरा कॅमेरा वस्तूंच्या फोटोंसाठी, चौथा बाहेरच्या कामासाठी.

स्टँडवरच्या दोन्ही कॅमेऱ्यांना मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/२.८ ही हातानं फोकस करायची जुनी लेन्स होती. ती तीक्ष्ण आहेच, पण विभागाला ती आवडायची ती तिच्या स्थिरपणामुळे. फोकस एकदा लावला की हात लावल्याशिवाय तो हलत नाही. दिवसभर शेकडो पानं एकाच अंतरावरून काढायची असतात तेव्हा हे फार मोलाचं असतं.

ही लेन्स डी७२०० वर चांगली चालायची, त्याचं कारण एक छोटासा खटका. निकॉननं १९७७ मध्ये एआय नावाची व्यवस्था आणली. ॲपर्चर म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राचं माप; ते ठरवणारी लेन्सवरची रिंग कुठे आहे ते माउंटभोवतीचा (लेन्स बसते त्या कड्याभोवतीचा) खटका यांत्रिकपणे बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला, कळवतो. लेन्समध्ये चिप नसली तरी बॉडीचं मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) चालतं. मेनूमध्ये लेन्सची फोकल लेंग्थ आणि कमाल ॲपर्चर एकदा भरून ठेवलं की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये त्या वेळचं ॲपर्चर आपोआप नोंदलं जातं. डी७२०० हा मधल्या श्रेणीतला कॅमेरा असूनही त्यात हा खटका होता. शिवाय दोन एसडी कार्ड स्लॉट आणि ६००० × ४००० पिक्सेलचा सेन्सर. २०१५ मध्ये तो आला तेव्हा हे सगळं इतकं गृहीत होतं की खरेदीच्या टिपणात यातलं काहीही आम्ही गरज म्हणून लिहिलं नाही.

अडचण

२०१९ च्या उत्तरार्धात पहिल्या स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं शटर गेलं. यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता. या मॉडेलचं शटर १,५०,००० क्लिकसाठी तपासलेलं असतं आणि आमच्या कॅमेऱ्यानं २,१०,००० ओलांडले होते. रोज तीनशे पानं धरली तर दीड लाखाचा टप्पा पाचशे कामाच्या दिवसांत येतो. हे गणित कोणीही कागदावर मांडलं नव्हतं. कॅमेरा चालतोय तोवर चालतोय, असं होतं.

विभागप्रमुखांनी पुरवठादाराला तोच कॅमेरा मागितला. उत्तर आलं, "तो आता येत नाही. त्याच्या जागी डी७५०० आहे."

डी७५०० एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाला होता. त्यानंतर बराच काळ दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी विकली जात होती. म्हणजे जुना नवाकोरा घेऊन ठेवण्याची संधी होती, आणि त्याच काळात आमचे क्लिक दीड लाखाकडे चालले होते. या दोन गोष्टी एकत्र पाहणारं कोणी नव्हतं. मला तर नवीन मॉडेल आल्याचं माहीत होतं. मी बातमी वाचली, त्याचा वेग आणि फोर-के व्हिडिओ यांबद्दल उत्सुकतेनं बोललोही, पण आमच्या स्टँडशी त्याचा संबंध जोडला नाही.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात पाच पर्याय चर्चेत आले.

शटर बदलून घेणं हा पहिला. काम कॅमेरा उघडण्याचं असल्यामुळे वेळ लागणार होता, आणि जुन्या बॉडीत पैसे घालायचे का, हा लेखा विभागाचा प्रश्न होता. वापरलेला डी७२०० घेणं हा दुसरा, पण संस्थेच्या खरेदी नियमांत जुन्या वस्तू बसवायला वेगळी मंजुरी लागायची.

तिसरा म्हणजे डी७५००. चौथा डी५००, जो २०१६ पासून डी७५०० च्या वरच्या श्रेणीत होता. त्याला दोन कार्ड स्लॉट आहेत आणि एआयचा खटकाही आहे, पण सेन्सर डी७५०० इतकाच, २०.९ मेगापिक्सेलचा.

पाचवा पर्याय फुल फ्रेमकडे, म्हणजे मोठ्या सेन्सरकडे जाण्याचा: डी७५० किंवा मिररलेस (आत आरसा नसलेला) झेड ६. डी७५० कडे दोन एसडी स्लॉट, खटका आणि २४ मेगापिक्सेल, तिन्ही होतं. अडचण अंतराची होती. आमच्या मोठ्या वह्यांसाठी ५५ मिमी लेन्स लावलेला डी७२०० सुमारे सव्वा मीटर उंचीवर बसायचा. सेन्सर मोठा झाला की तीच लेन्स तेवढंच पान भरायला साधारण ८३ सेंटिमीटरवर आणावी लागते. बांधीव वहीचं पान शिवणीकडे उचललेलं असतं. कॅमेरा जवळ आला की तो फुगवटा फोटोत जास्त दिसतो. दोन्ही बाजूंच्या दिव्यांचे कोनही पुन्हा लावावे लागतात. हे टाळायचं तर ८५ मिमीच्या आसपासची चांगली मॅक्रो लेन्स हवी. म्हणजे एक कॅमेरा बदलायचा म्हणून निम्मा स्टँड बदलायचा.

आज मागे वळून पाहताना वाटतं की पाचव्या पर्यायावर आम्ही पुरेसा विचार केला, पण पहिल्या दोनांवर जवळजवळ केलाच नाही. "बंद झालेलं मॉडेल" हे शब्द एकदा उच्चारले गेले की त्याच मॉडेलवर खर्च करणं हे सगळ्यांना मागे जाणं वाटू लागतं.

पहिला निर्णय

डी७५०० घ्यायचं ठरलं. कारणं खरी होती. त्या वर्षाचा निधी वेळेत वापरायचा होता. बॅटरीचं कुटुंब तेच, मेनूची रचना ओळखीची. आणि स्टँडसाठी एक मोठं आकर्षण होतं: डी७५०० चा पडदा बाहेर येऊन वाकतो. कॅमेरा खाली तोंड करून बसवलेला असतो तेव्हा डी७२०० च्या पडद्यावर फोकस तपासायला पायरीवर चढून वाकावं लागायचं. आमच्या सहकारी छायाचित्रकार ताईंची मान त्यापायी दुखायची. नवा कॅमेरा आला त्या दिवशी खुर्चीत बसून पडदा बघताना त्यांना झालेला आनंद मला आठवतो.

मेगापिक्सेल कमी आहेत हे तक्त्यात दिसत होतं: २४.२ च्या जागी २०.९. "फरक पडत नाही," असं मी म्हणालो. लांबीच्या दिशेनं तो फरक फक्त ७ टक्क्यांचा आहे, आणि साधारण छायाचित्रणात ते खरंही आहे.

काय निसटलं

पहिल्याच सकाळी ताईंनी फोन केला. "सर, मीटरच दिसत नाहीये."

डी७५०० मध्ये तो एआयचा खटका नाही. चिप नसलेली लेन्स त्यावर बसते, फोटो येतो, पण फक्त एम मोडमध्ये, म्हणजे सगळं हातानं लावून, आणि मीटरशिवाय. विभागात त्या दिवशी बरीच घबराट झाली. खरं तर या एका गोष्टीनं काही बिघडत नव्हतं. कॉपी स्टँडवर दिवे स्थिर असतात. सकाळी करड्या कार्डावर एक्स्पोजर ठरवलं की दिवसभर तेच राहतं. मीटर असतानाही आम्ही ते क्वचितच बघायचो. अर्ध्या तासात तो प्रश्न संपला, आणि आमचं सगळं लक्ष त्यावर खर्च झाल्यामुळे बाकीचे तीन मागे राहिले.

पहिला मेटाडेटाचा, म्हणजे फाइलमध्ये नोंदल्या जाणाऱ्या माहितीचा. फायलींमधली ॲपर्चरची जागा रिकामी येऊ लागली. विभागाची तपासणी प्रणाली अशा फायली अडवून ठेवायची, त्यामुळे दोन दिवसांचं काम रांगेत साचलं. उपाय सोपा होता. स्टँडवर नेहमी एफ/८ असतं, तेव्हा दिवसाच्या सगळ्या फायलींत एका आज्ञेनं ते भरता येतं. पण अभिलेखागाराच्या दृष्टीनं कॅमेऱ्यानं नोंदवलेली माहिती आणि माणसानं नंतर भरलेली माहिती सारखी नसते. कॅटलॉगमध्ये तशी टीप घालावी लागली.

दुसरा रॉ फायलींचा, म्हणजे सेन्सरकडून आलेल्या कच्च्या फायलींचा. विभागाच्या संपादन सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी होती आणि नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फायली ती उघडेना. अडोबीच्या मोफत कन्व्हर्टरनं त्या डीएनजी या खुल्या रॉ स्वरूपात बदलून घ्यायला सुरुवात केली. २४ रंगचौकटींच्या चार्टवरून नवं रंगप्रोफाइलही बनवावं लागलं, कारण सेन्सर वेगळा होता. कटकट झाली, पण निभावलं.

तिसरा पिक्सेलचा, ज्याबद्दल मी "फरक पडत नाही" म्हणालो होतो. विभागाची अट इंचाला ३०० पिक्सेलची. ६००० × ४००० पिक्सेलमध्ये त्या घनतेनं ५०.८ × ३३.९ सेंटिमीटरचं क्षेत्र मावतं. ५५६८ × ३७१२ मध्ये मावतं ४७.१ × ३१.४. आमच्या सर्वांत मोठ्या वह्यांचं पान होतं ४८ × ३३. डी७२०० मध्ये ते बसून शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टीपुरती चिंचोळी जागा उरायची. डी७५०० मध्ये पानच मावत नव्हतं. चौकट आधीइतकी मोठी ठेवली तर घनता २७८ वर यायची. ७ टक्क्यांचा फरक नेमका आमच्या वहीच्या कडेवर येऊन पडला होता. तो लक्षात आला तोवर एक पूर्ण वही २७८ नं टिपून झाली होती.

दुसरा कार्ड स्लॉट

डी७५०० ला कार्डाची जागा एकच आहे. खरेदीच्या वेळी हे आम्ही वाचलं होतं आणि "रोज संध्याकाळी कॉपी करतोच की" असं म्हणून पुढे गेलो होतो.

डी७२०० वर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिलं जायचं. चार वर्षांत कार्ड दोनदा खराब झालं होतं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कार्डानं वाचवलं होतं. त्यामुळे ती घटना म्हणून कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती. नव्या कॅमेऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात कार्ड संध्याकाळी संगणकात उघडेना. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरनं काही फायली परत मिळाल्या, काही अर्ध्या करड्या, आणि ८६ पानं गेली ती गेलीच.

पानं पुन्हा काढता येतील, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. ही वही ठिसूळ कागदाची होती. संवर्धक बाईंनी ती एकदाच उघडायची परवानगी दिली होती, तीही प्रत्येक पान स्वतः उलटण्याच्या अटीवर. त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा उघडायला लागेल हे सांगणं हा या सगळ्या प्रकरणातला माझ्यासाठी सर्वांत जड क्षण. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मग आधीच्या कॅमेऱ्याला हे का होत नव्हतं?"

दुसऱ्या वेळी पानं उलटताना एका पानाच्या कोपऱ्याचा पापुद्रा सुटला. त्यावर अक्षर नव्हतं. तो तुकडा पाकिटात घालून, त्यावर पानाचा क्रमांक टाकून वहीसोबत ठेवला आहे.

दुसरी फेरी

त्यानंतरच्या बैठकीत पहिल्यांदा प्रश्न उलटा विचारला गेला. कोणता कॅमेरा चांगला, हे बाजूला ठेवून प्रत्येक जागेवरचं काम कशावर उभं आहे ते लिहायला घेतलं. स्टँडसाठी चार ओळी निघाल्या: लांब बाजूला ६००० पिक्सेल, एकाच वेळी दोन ठिकाणी नोंद, जुन्या लेन्सचं ॲपर्चर फाइलमध्ये, आणि सध्याची उंची. वस्तूंच्या टेबलासाठी आणि बाहेरच्या कामासाठी यातलं जवळजवळ काहीच लागत नव्हतं. तिथे हव्या होत्या वाकणारा पडदा, कमी उजेडातली स्वच्छता आणि वेग. म्हणजे डी७५०० चांगलाच होता, फक्त आम्ही त्याला चुकीच्या जागी बसवलं होतं.

त्याच दिवशी अदलाबदल झाली. बाहेरच्या कामाचा डी७२०० स्टँडवर आला आणि डी७५०० बाहेरच्या पिशवीत गेला. त्याला आता स्वयंचलित फोकसच्या लेन्स होत्या, त्यामुळे खटक्याचा प्रश्नच उरला नाही. चौथ्या जागेवर काम करणारा तरुण सहकारी आजही तो सोडायला तयार नाही.

बंद पडलेल्या बॉडीचं शटर बदलून घेतलं. पाच आठवडे लागले. लेखा विभागाला पटवायला एकच आकडा पुरला: पुन्हा उघडलेल्या वहीवर गेलेले संवर्धक बाईंचे तास.

शिवाय वेगळी मंजुरी घेऊन एक वापरलेला डी७२०० राखीव म्हणून घेतला. तीन बॉडी पाहिल्या. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये शटरचा आकडा नोंदलेला असतो, म्हणून प्रत्येक विक्रेत्याकडून त्याच दिवशी काढलेली मूळ फाइल मागितली. एकानं संपादित करून पाठवली, ती बॉडी तिथेच बाद. दुसरीचा आकडा कमी होता, बाहेरून नव्यासारखी, पण माउंटभोवतीचा खटका बोटानं फिरवला तर मध्येच अडकत होता. ज्याला जुन्या लेन्स वापरायच्या नाहीत त्याला ते कधीच कळलं नसतं. तिसरी बॉडी घेतली. झाकण लावून लांब एक्स्पोजर देऊन पेटलेले पिक्सेल पाहिले, दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी लिहून पाहिलं, लेन्स बसवून हलते का ते पाहिलं. रबर थोडं सुटलं होतं, तेवढंच.

२७८ नं टिपलेली वही पुन्हा काढली नाही. यावर बराच वाद झाला. अक्षरं स्पष्ट वाचता येतात, आणि इंचामागे २२ पिक्सेलसाठी वही परत उघडणं संवर्धक बाईंना मान्य नव्हतं. कॅटलॉगमध्ये खरी घनता नोंदवली. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

डी७५०० घ्यायला नको होता, असं मी म्हणणार नाही. तो आठवडाभर उधार मागून स्टँडवर लावायला हवा होता. मीटर, रिकामं मेटाडेटा, न उघडणाऱ्या फायली आणि कडेबाहेर जाणारं पान, या चारही गोष्टी पहिल्या दोन दिवसांतच दिसल्या असत्या. कार्डाचा धोका मात्र दिसला नसता. तो फक्त विचारानं कळण्यासारखा होता, आणि त्यासाठी आधी दोनदा वाचल्याची नोंद कुठेतरी असायला हवी होती. जे बिघडता बिघडता वाचलं त्याची वही आम्ही ठेवत नव्हतो, आता ठेवतो.

कार्डाचा अपघात तांत्रिक उपायानंही टाळता आला असता. कॅमेरा केबलनं संगणकाला जोडून फोटो थेट तिथे घेता येतात. पहिल्या स्टँडजवळचा संगणक जुना आणि संथ, म्हणून ते टाळलं होतं. दुसऱ्या कार्डानं ही उणीव चार वर्षं झाकून ठेवली होती.

खरा निर्णयबिंदू मात्र २०१७ मध्येच येऊन गेला होता, दोन्ही मॉडेलं बाजारात असताना. त्या वेळी क्लिकचे आकडे समोर असते तर दोन नव्या बॉडी घेऊन ठेवता आल्या असत्या. कॅमेऱ्यांचा बाजार आक्रसत चालला आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते, २०२० मध्ये ९० लाखांपेक्षा कमी. अशा बाजारात मधल्या श्रेणीतल्या मॉडेलची पुढची आवृत्ती पूर्वीचं सगळं घेऊन येईलच, असं धरून चालता येत नाही.

सध्याची स्थिती

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चारही कॅमेऱ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले जातात. शटर बदललेली बॉडी पहिल्या स्टँडवर परतली आहे. राखीव बॉडी सिलिका जेलसह बंद डब्यात असते आणि दर तिमाहीला बाहेर काढून चालवली जाते.

२०२० मध्ये झेड ६ ची दुसरी आवृत्ती दोन स्लॉट घेऊन आली, तेव्हा मिररलेसचा विषय पुन्हा निघाला. जुन्या लेन्ससाठीच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही एआयचा खटका नाही, त्यामुळे लावलेलं ॲपर्चर तिथेही हातानंच भरावं लागेल. उंचीचा प्रश्न तसाच आहे. या वेळी खरेदीची फाइल उघडण्याआधी उधारीची चाचणी ठरली आहे: ४८ × ३३ ची सर्वांत मोठी वही, खाली पडदा वाकवून बसलेल्या ताई, आणि पानं उलटायला स्वतः संवर्धक बाई. त्यांनी होकार दिला आहे, मात्र वही कोणती ते त्याच निवडणार आहेत.